मुळं तुटलेल्यांसाठी सावली



राखेचा बुधवार जवळ आला की आमच्या बेळगावात थंडी ओसरू लागते. उपवासकाळात, काही सण आणि चौथा रविवार सोडला तर, वेदीवर फुलं ठेवत नाहीत. त्यामुळे वेदीची सजावट पाहणाऱ्या आम्हा स्वयंसेवकांना थोडी सवड मिळते. ती आम्ही धर्मग्रामातल्या वृद्धांच्या परसात घालवतो. मोगऱ्याची छाटणी याच दिवसांतली. जुनी पानं काढून फांद्या आखूड केल्या की नव्या फुटीवर कळ्या धरतात आणि ईस्टरच्या सुमाराला मोगरा फुलतो. गुलाबाची मोठी छाटणी आपल्याकडे पावसाळा सरल्यावर होते. आता फक्त वाळलेल्या आणि एकमेकींत अडकलेल्या काड्या काढायच्या. बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर तिरका काप द्यायचा.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायात प्रभू येशू पित्याला माळी म्हणतो. तिथे छाटण्यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे, त्याचा अर्थ स्वच्छ करणे असाही आहे. पुढच्याच वचनात तो शिष्यांना शुद्ध म्हणतो, तो शब्दही त्याच कुळातला. म्हणजे माळ्याची कात्री शिक्षेसाठी नसते, ती फळासाठी असते.

पण हे वचन दुःखात असलेल्या माणसापुढे सहज उच्चारता येत नाही. यंदा आम्ही एका आजींकडे गेलो होतो. दोन वर्षांपूर्वी आजोबा वारले. आता घर विकलं गेलं आणि आजी मुलाकडे पुण्याला निघाल्या. आजोबांनी लावलेला गुलाब चर्चच्या आवारात हलवायचा होता. कात्री पाहताच आजी म्हणाल्या, “एवढा कापू नका रे बाळांनो. त्यांच्या हातचा आहे.”

आम्ही म्हटलं, “आजी, खणताना मुळं तुटणारच. उरलेल्या मुळांना एवढा पसारा पोसवणार नाही. म्हणून वरचा भार हलका करायचा.”

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मलाही पुण्याला सगळं नेता यायचं नाही.” आणि त्यांनीच एक काडी पुढे धरली.

आदल्या दिवशी झाडाला भरपूर पाणी दिलेलं होतं. मुळांभोवतीच्या मातीचा गोळा न फोडता आम्ही तो गोणपाटात बांधला. नव्या खड्ड्यात पूर्वीइतक्याच खोलीवर झाड बसवलं, माती दाबली, पाणी घातलं, वर सावली केली. खत घातलं नाही. नवी फूट येईपर्यंत ते घालायचं नसतं.

आजोबांचा मृत्यू ही देवाने केलेली छाटणी होती, असं आम्ही आजींना म्हटलं नाही. ते म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. मुळं तुटलेल्याशी कसं वागावं, एवढं मात्र त्या गुलाबाने आम्हाला दाखवलं. आपल्या धर्मग्रामातही बदलीवर आलेली कुटुंबं असतात, गाव सोडून मुलांकडे आलेले वृद्ध असतात. त्यांना पहिल्याच रविवारी आपण विचारतो, गायनमंडळात येणार का, अमुक समितीत नाव घालू का? ही फुलांची घाई झाली. आधी सावली हवी, पाणी हवं. आणि जुन्या मातीचा गोळा हवा, म्हणजे त्यांची प्रार्थना त्यांच्या भाषेत, त्यांच्या आठवणी त्यांच्या शब्दांत ऐकून घेणारं कुणीतरी. म्हणून पुण्यातल्या आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला आम्ही आजींचा पत्ता दिला आहे. त्यांनी रविवारी आजींना मिस्सेला घेऊन जायचं कबूल केलं आहे.

या उपवासकाळात आपल्या ओळीत नव्याने बसू लागलेलं एक माणूस शोधूया. त्याच्याकडून काही न मागता महिनाभर त्याची विचारपूस करूया.

हे प्रभो, आमच्यातलं वाळलेलं तू काढून टाक. ज्यांची मुळं तुटली आहेत, त्यांच्यावर आम्हाला सावली धरायला शिकव. नवी फूट येईपर्यंत थांबण्याचा धीर आम्हाला दे. आमेन.