भाजल्याची वेळ

‘स्टोव्हचा भडका उडून.’ मराठी वर्तमानपत्रांत हे शब्द लहानपणापासून वाचत आलो. पुढे वय, मग टक्के. बहुतेक घरांतले स्टोव्ह गेले, गॅस आला. बातमीतले टक्के राहिले.

*

टक्के मोजायची रीत: डोकं आणि मान ९, एकेक हात ९, एकेक पाय १८, छाती-पोट १८, पाठ १८, उरलेला १ जांघेचा. इथेतिथे थोडंथोडं भाजलं असेल तर रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, साधारण १ टक्का धरतात. लहान मुलांना हे कोष्टक जसंच्या तसं लागू पडत नाही. अंगाच्या मानाने त्यांचं डोकं मोठं असतं.

*

सलाईनचा ढोबळ हिशेब: वजन गुणिले टक्के गुणिले ४, इतके मिलिलिटर पहिल्या २४ तासांत. ६० किलोची बाई ३० टक्के भाजली तर सात लिटरच्या वर. त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत द्यायचं, आणि हे आठ तास केसपेपर निघाल्यापासून नाही, भाजल्यापासून मोजायचे. तीन तास रस्त्यात गेले तर साडेतीन लिटर उरलेल्या पाच तासांत बसवावे लागतात. पुढे तासातासाला लघवी किती होते ते पाहून डॉक्टर कमीजास्त करतात.

*

आमच्या चाळीतल्या एका काकूंचा पदर समईवर पेटला. टॅक्सीत घालून नेलं. पहिल्या दवाखान्यात ‘जळीत केस आम्ही घेत नाही’, दुसऱ्यात ‘बेड नाही’, तिसऱ्यात ‘आधी पोलिसांना कळवा’. पहिल्या दोघांचं खरं असेलही. तिसऱ्याचं साफ चूक. परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९८९ सालीच सांगितलंय की उपचार आधी, पोलिसी सोपस्कार नंतर. तिन्ही ठिकाणी सलाईन मात्र कुणीच लावलं नाही.

*

मुंबईचा जळिताचा नकाशा छोटा आहे. सातरस्त्याजवळ पालिकेचं कस्तुरबा, भायखळ्याला मसीना, खाडीपलीकडे ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर, आणखी थोडी नावं. विरारला किंवा बदलापूरला भाजलेल्या माणसाने हा नकाशा पाठ केलेला नसतो. त्याच्या नातेवाइकांनीही नाही.

*

जवळच्या रुग्णालयात जळीत कक्ष नसला तरी चालतं. तिथे सलाईन लागावं, स्वच्छ चादरीत रुग्ण गुंडाळला जावा आणि कुणीतरी त्याचा आवाज नीट ऐकावा. आवाज घोगरा झालाय, नाकपुडीत काजळी आहे, नाकातले केस करपलेत, तर धूर आत गेलाय. घसा सुजून बंद होण्याआधी श्वासाची नळी घालावी लागते. एवढं झालं की मग ऐरोली.

*

२०१५ सालच्या दोन आगी शेजारी ठेवून पाहाव्यात. जूनमध्ये तैपेईजवळच्या वॉटर पार्कमध्ये होळीसारखी उधळलेली रंगीत पूड पेटली. सुमारे पाचशे जण भाजले. त्यांना अनेक रुग्णालयांत वाटून दिलं गेलं, १५ दगावले. ऑक्टोबरमध्ये बुखारेस्टच्या कोलेक्टिव्ह क्लबात आग लागली. अखेर ६४ गेले, आणि त्यातले निम्म्याहून अधिक आगीत नव्हे, नंतर रुग्णालयांत. जखमांत जंतुसंसर्ग झाला होता. दोन्ही आगी सारख्या नव्हत्या, तुलना ताणू नये. पण खाट मिळाली म्हणजे जळिताची सोय झाली असं नाही, हे बुखारेस्टने दाखवलं.

*

शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान निर्जंतुक करून भाजलेल्या जखमेवर लावून पाहिलं. २००३ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. पान जखमेला चिकटत नाही, त्यामुळे ड्रेसिंग बदलताना रुग्ण किंचाळत नाही. वाडिया रुग्णालयाच्या डॉ. केसवानींनी त्याआधी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी केली होती. ज्या पानावर आपण वरणभात वाढतो त्याचा हा उपयोग आपल्याला ठाऊकच नाही. घरी मात्र करू नये. निर्जंतुक करणं हेच त्यातलं खरं काम आहे.

*

नेत्रदान घरोघर पोचलं, त्वचादान नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, मांड्या आणि पाठीवरून, कागदासारखा पातळ थर घेतात. रक्तगट जुळावा लागत नाही, देह विद्रूप होत नाही. ही त्वचा कायमची रुजत नाही. काही आठवडे झाकण म्हणून टिकते. तेवढ्यात रुग्णाची स्वतःची त्वचा काढून लावता येते. ग्लिसरॉलमध्ये ती काही वर्षं राहते, म्हणजे मोठी आग लागण्याआधीच साठा करता येतो.

*

हळद, टूथपेस्ट, शाई, बर्फ: यातलं काही नको. नळाखाली वीस मिनिटं. आमच्याकडे नळाला पाणी सकाळी तासभर, तेव्हा पिंपातलं तांब्याने. फार भाजलं असेल, त्यातून लहान मूल असेल, तर अंग गार पडू देऊ नये. पाण्यानंतर कोरडी चादर. बांगड्या, अंगठ्या सूज यायच्या आधी काढाव्यात. चिकटलेला कपडा ओढू नये.

*

१०८ ला फोन करावा. त्या गाडीत डॉक्टर असतो. सरकारने याच नंबरवर कुठल्या जळीत कक्षात आत्ता खाट रिकामी आहे हे सांगायची सोय करावी. आणि सोबत जाणाऱ्याने एक करावं: भाजल्याची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवावी. पुढचा सगळा हिशेब तिथून सुरू होतो.