पिट्सबर्गचा शेजारधर्म

पिट्सबर्गमध्ये माणसं लहान मुलांशी बोलायला खाली बसतात. ग्रंथालयातल्या बाई, दातांची डॉक्टर, बागेत कुत्रा फिरवणारे आजोबा. गुडघे टेकतात, मुलाच्या डोळ्यांत बघतात, प्रश्न विचारतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही अमेरिकेतल्या या शहरात आलो तेव्हा आमची मुलगी बालवाडीच्या वयाची होती. नवख्या माणसांपुढे तिच्या तोंडून शब्द फुटत नसे, त्यामुळे हे थांबणं मला फार जाणवलं. शेजारच्या आजींना मी तसं बोलून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "आम्ही सगळे मिस्टर रॉजर्सच्या हाताखालून गेलोय."

हे मिस्टर रॉजर्स म्हणजे फ्रेड रॉजर्स. जन्म 1928 चा, पिट्सबर्गजवळच्या लॅट्रोबचा. शिक्षणाने प्रेस्बिटेरियन पाद्री, पण चर्चमधल्या व्यासपीठाऐवजी त्यांनी टीव्हीचा स्टुडिओ निवडला. 'मिस्टर रॉजर्स नेबरहूड' हा त्यांचा कार्यक्रम फेब्रुवारी 1968 मध्ये देशभर दिसू लागला आणि 2001 पर्यंत चालला. सुमारे नऊशे भाग, सगळे याच शहरातल्या डब्ल्यूक्यूईडी या सार्वजनिक वाहिनीवर तयार झालेले. घरात शिरायचं, कोट काढून स्वेटर चढवायचा, बुटांच्या जागी कापडी जोडे घालायचे आणि कॅमेऱ्याकडे बघत शांतपणे बोलायचं, अशी प्रत्येक भागाची सुरुवात. यातले अनेक स्वेटर त्यांच्या आईने विणलेले असत. त्यांतला एक लाल स्वेटर आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

आजींच्या आग्रहावरून मी जुने भाग बघायला बसले. मला वाटलं होतं, गाणी आणि बाहुल्या असतील. त्या आहेतच. पण जून 1968 मध्ये रॉबर्ट केनेडींची हत्या झाली, तेव्हा त्याच आठवड्यात रॉजर्सनी त्यावर खास भाग केला. त्यात डॅनियल नावाचा लाजरा वाघोबा, म्हणजे रॉजर्सच्याच हातातली बाहुली, विचारतो की हत्या म्हणजे काय. प्रश्न टाळला जात नाही. त्याला सरळ उत्तर मिळतं. पुढे एका भागात टाकीतला मासा मरतो आणि रॉजर्स त्याला पुरतात. 1981 मध्ये पूर्ण एक आठवडा आईवडिलांच्या घटस्फोटावर आहे. हे सगळं उत्स्फूर्त नव्हतं. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या बालमानसतज्ज्ञ मार्गारेट मॅकफार्लंड यांच्याशी रॉजर्स वर्षानुवर्षं सल्लामसलत करत. ती मेहनत पडद्यावरच्या संथपणात कळून येते.

मे 1969 मधला एक भाग मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. उकाड्याचा दिवस. रॉजर्स अंगणातल्या छोट्या प्लास्टिकच्या तलावात पाय सोडून बसलेत. शेजारचे पोलीस अधिकारी क्लेमन्स येतात, रॉजर्स त्यांना बोलावतात आणि दोघांचे पाय एकाच पाण्यात दिसतात, एक गोरी जोडी, एक काळी. क्लेमन्सचं काम करणारे फ्रँस्वा क्लेमन्स कृष्णवर्णीय गायक होते. अमेरिकेत पोहण्याच्या तलावांवरून दशकानुदशकं भांडणं झालेली. याच पिट्सबर्गच्या हायलंड पार्कमधल्या तलावात 1931 साली कृष्णवर्णीयांना मारहाण करून पळवून लावलं होतं. रॉजर्सनी त्या भागात समतेवर एक वाक्यही उच्चारलं नाही. महाडच्या चवदार तळ्याचा धडा शाळेत वाचलेल्या माणसाला हे पाणी काय सांगतं ते समजावून द्यावं लागत नाही.

पण या प्रेमळ अंगणालाही कुंपण होतं. क्लेमन्स समलिंगी आहेत हे रॉजर्सना कळलं तेव्हा, कार्यक्रमात राहायचं असेल तर हे उघड करता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. प्रायोजक निघून जातील ही भीती होती. क्लेमन्सनी पुढे हे स्वतः लिहिलं आहे, आणि रॉजर्सबद्दलचं प्रेमही तितक्याच मोकळेपणाने लिहिलं आहे. मला दोन्ही खरं वाटतं. कार्यक्रम पैशावर चालतो आणि पैसा देणाऱ्यांच्या धीराइतकीच त्याची उडी असते. तरीही त्या उडीने लाखो घरांतली मुलं थोडी पुढे सरकली.

27 ऑक्टोबर 2018 च्या शनिवारी या शेजारधर्माची कसोटी आमच्या दारात आली. स्क्विरल हिलमधल्या ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, प्रार्थनेच्या वेळी एका बंदूकधाऱ्याने अकरा जणांना ठार मारलं. स्क्विरल हिल ही रॉजर्सची स्वतःची वस्ती. त्याच संध्याकाळी फोर्ब्स आणि मरी या रस्त्यांच्या चौकात शाळकरी मुलांनी पुढाकार घेऊन शोकसभा भरवली. मी आजींबरोबर गेले. आजी ज्यू नाहीत, आम्ही तर नाहीच. पण चौकात कुणी कुणाला ते विचारत नव्हतं.

पुढच्या दिवसांत शहर दोन खुणांनी बोलत राहिलं. एक रॉजर्सची. भीतिदायक बातमी दिसली की मदतीला धावणारी माणसं शोध, असं लहानपणी त्यांची आई त्यांना सांगायची. ती आठवण दुकानांच्या काचांवर, भ्रमणध्वनींवर, मुलीच्या शिक्षिकेने पालकांना पाठवलेल्या पत्रातही होती. हा दिलासा लहान मुलांसाठीचा आहे, मोठ्यांनी त्यावर थांबू नये, असं तेव्हा काहींनी लिहिलं. मला ते पटलं. पाच वर्षांच्या मुलीला मी तेच सांगितलं, पण बंदुका विकत घेणं इतकं सोपं का, हा प्रश्न मोठ्यांनी एकमेकांना विचारायचा असतो.

दुसरी खूण अमेरिकन फुटबॉलची. स्टीलर्स संघाच्या बोधचिन्हात पोलाद उद्योगाकडून आलेल्या तीन रंगीत चांदण्या आहेत. एका स्थानिक ग्राफिक डिझायनरने त्यांतली एक काढून तिथे ज्यूंचा दाविदतारा बसवला आणि बाजूला 'द्वेषापेक्षा बलवान' अशा अर्थाचे शब्द लिहिले. काही दिवसांत ते चिन्ह अंगणाअंगणात, टीशर्टांवर दिसू लागलं. ज्यांनी आयुष्यात कधी सिनेगॉगची पायरी चढली नाही, त्यांच्याही दारावर ते होतं, कारण स्टीलर्स सगळ्यांचे.

खेळाची ही ओढ मला आधी परकी वाटायची. सामन्यात हजारो लोक हलवतात तो पिवळा 'टेरिबल टॉवेल' रेडिओ समालोचक मायरन कोप यांनी 1975 मध्ये सुरू केला. 1996 मध्ये त्यांनी त्याचे हक्क अलेघेनी व्हॅली स्कूलला देऊन टाकले. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना सांभाळणारी ही संस्था. कोप यांचा मुलगा तिथेच राहत होता. आजही प्रत्येक टॉवेलच्या विक्रीतून तिला पैसे जातात. हे कळल्यावर आम्हीही एक घेतला.

घरात मात्र राज्य डॅनियलचं. लाजऱ्या वाघोबाचा मुलगा 2012 पासून 'डॅनियल टायगर्स नेबरहूड' या कार्टूनमध्ये लाल स्वेटर घालून हिंडतो. राग आला की खोल श्वास घ्यायचा आणि चारपर्यंत मोजायचं, हे तो शिकवतो. आमची मुलगी मराठीत मोजायची. टेक्सास टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी या कार्यक्रमाचा अभ्यास केला, तेव्हा सहानुभूती वाढलेली दिसली ती ज्या घरांत आईवडील मुलांशी पाहिलेल्या गोष्टींबद्दल बोलत, तिथेच. नुसता पडदा पुरत नाही, हे मी रोज अनुभवलं आहे. डॅनियलने सांगितलेलं जेवणाच्या टेबलावर पुन्हा निघालं नाही, तर ते हवेत विरून जातं.

पण असा पडदा मुळात टिकावा म्हणून 1 मे 1969 रोजी रॉजर्स सिनेटच्या समितीपुढे बसले होते. सार्वजनिक टीव्हीचे 2 कोटी डॉलर निम्मे करण्याचा निक्सन सरकारचा विचार होता. रॉजर्स जेमतेम सहा मिनिटं बोलले, मुलांच्या रागाबद्दल, आणि कडक समजले जाणारे समितीचे अध्यक्ष जॉन पास्टोरे विरघळले. निधी वाचला. 2025 च्या जुलैमध्ये मात्र अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचे सुमारे 110 कोटी डॉलर मागे घेतले आणि त्यानंतर ते वाटणाऱ्या महामंडळाने काम गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. आजी गेली अनेक वर्षं डब्ल्यूक्यूईडीला वर्गणी पाठवतात. आता आम्हीही पाठवतो, आणि मराठी मंडळाच्या दिवाळीत तरुण आईबाबा भेटले की त्यांच्याकडेही मागते.