दिवाडीच्या बेटावर चार दिवसांचे घर

गोवा म्हटले की आपल्या घरांत दोन आवाज उठतात. मुले म्हणतात, चला. वडीलधारी माणसे म्हणतात, तिथे जाऊन आपण करायचे काय? किनाऱ्यावरची गर्दी, पावलोपावली दारूची दुकाने, हॉटेलच्या कढईत आधी काय तळले असेल याचा भरवसा नाही, बायकांना निवांत बसायला जागा नाही. ही तक्रार खोटी नाही, पण ती गोव्याच्या किनारपट्टीपुरती आहे. मांडवी नदीच्या पात्रात दिवाडी आणि चोडण ही दोन बेटे आहेत. तिथे समुद्रकिनारा नाही, त्यामुळे किनाऱ्यावरचा गोंगाटही नाही. भातशेती, कांदळवन, चिऱ्याच्या भिंतींची जुनी घरे आणि पलीकडे नेणारी फेरीबोट, एवढाच तिथला पसारा. गेल्या डिसेंबरात आम्ही नऊ माणसे दिवाडीवर एक घर भाड्याने घेऊन चार दिवस राहिलो. सासूबाई, आम्ही दोघे, धाकटे दीर, जाऊ आणि चार मुले. असे घर कसे निवडावे, काय विचारावे आणि काय बरोबर न्यावे, हे इतर कुटुंबांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

बेट कसे आहे

दिवाडीला गाडीरस्त्याचा पूल नाही. जुने गोवे, रायबंदर आणि उत्तरेकडचे नार्वे, या तीन ठिकाणांहून फेरीबोटी सुटतात. नदी ओलांडायला दहा मिनिटेही लागत नाहीत आणि गाडी बोटीवर चढवता येते. पण त्या दहा मिनिटांनी बेटाला शहरापासून दूर ठेवले आहे. बेटाच्या मधोमध टेकडी आहे, तिच्यावर पिएदादचे चर्च. खाली चारी बाजूंना खाजन शेती पसरलेली. भरतीच्या पाण्यापेक्षा सखल असलेली ही जमीन बांध घालून राखतात. बांधात लाकडी झडपांची दारे असतात, त्यांना मानस म्हणतात. भरती आली की झडपा पाण्याच्या दाबाने मिटतात, ओहोटीला उघडतात. पावसाळ्यात भात, आणि मानसाच्या तोंडाशी जाळे लावून मासळी. माझ्या आठवीतल्या मुलाला भरती-ओहोटीचा धडा पुस्तकातून जितका कळला नव्हता, तितका त्या दारापाशी अर्धा तास उभे राहून कळला.

पुण्याहून कोल्हापूर, निपाणी, आंबोली, सावंतवाडी या रस्त्याने साडेचारशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. आम्ही वाघोलीकर. नगर रस्त्याच्या कोंडीतून शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचण्यातच एक प्रवास होतो, म्हणून फजरच्या नमाजनंतर लगेच निघालो. रेल्वेने जायचे तर कोकण रेल्वेचे करमळी स्थानक जुन्या गोव्याजवळ आहे.

स्वयंपाकघर असलेलेच घर का

पहिले कारण हलालचे. प्रत्येक जेवणाला हॉटेलात चौकशी करत बसायचे, नाहीतर चार दिवस डाळ-भातावर काढायचे, यापेक्षा आपला तवा आपल्या हातात बरा. दुसरे कारण वडीलधाऱ्यांचे. अम्मींना साखरेचा आजार आहे. त्यांची भाकरी ठरल्या वेळी मिळावी लागते. तिसरे पैशाचे. नऊ माणसांना हॉटेलच्या तीन-चार खोल्या आणि तीन वेळचे बाहेरचे जेवण, हा हिशेब नोकरदार घराला जड जातो. एक अख्खे घर वाटून घेतले की तो आवाक्यात येतो.

पण हा बेत घरात मांडला तेव्हा माझ्या जावेने विचारले, "भाभी, स्वयंपाकघरातून नदी दिसली म्हणून भांडी कमी होतात का?" तिचा प्रश्न मला अजूनही या साऱ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चूल असलेले घर घेतले की सुट्टी कोणाची असते? पुरुष आणि मुले बांधावर फिरायला आणि आम्ही दोघी नऊ माणसांच्या भाकऱ्या थापायला, असे झाले तर आमच्या दृष्टीने वाघोली काय आणि दिवाडी काय, फक्त ओटा बदलला. त्याबद्दल पुढे लिहिते. आधी घराविषयी.

फोनवर विचारायच्या गोष्टी

फोटोंवर भुलू नये. दिवाडीवर पोर्तुगीज काळातली देखणी घरे आहेत. उंच जोते, मंगळुरी कौले, काही घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे, आणि दारापुढे दोन्ही बाजूंना बसायचे कट्टे असलेली ओसरी, जिला तिथे बाल्कांव म्हणतात. हे सगळे फोटोत दिसते. संसार ज्यावर चालतो ते मात्र दिसत नाही.

पाणी कुठून येते, हा पहिला प्रश्न. टँकरची वाट पाहणाऱ्या वाघोलीच्या माणसाला तो शिकवावा लागत नाही. नळ आहे की विहीर, टाकी केवढी, वीज गेली तर पंप कसा चालणार, हे विचारून घ्यावे. वुजू, आंघोळी आणि भांडी, नऊ माणसांना पाणी भरपूर लागते.

दुसरा प्रश्न बोटीचा. रात्रीची शेवटची फेरी किती वाजता आणि कोणत्या धक्क्यावरून? त्यानंतर घरात कोणाची तब्येत बिघडली तर बेटावरचे लोक काय करतात? मोठे सरकारी रुग्णालय बांबोळीला, म्हणजे नदीपलीकडे आहे. ज्या घरमालकाकडे या प्रश्नाचे सरळ उत्तर असते, त्याच्या घरात म्हाताऱ्या माणसाला निर्धास्त नेता येते.

तिसरा प्रश्न नोंदणीचा. गोव्यात पर्यटकांना घर भाड्याने द्यायचे तर 1982 च्या कायद्याप्रमाणे पर्यटन खात्याकडे नोंद करावी लागते. नोंदणी क्रमांक मागायला संकोच नको. आपलीही ओळखपत्रे तयार ठेवावीत.

चौथी गोष्ट विचारायची नाही, सांगायची आहे. आपण कोण, किती जण आणि काय शिजवणार, हे पहिल्याच फोनवर सांगून टाकावे. काही मालक स्वयंपाकघरात मांस-मासळी चालू देत नाहीत. तो त्यांचा नियम असतो आणि तो आधी कळलेला बरा. काहींची अडचण वेगळी असते. आम्ही पाहिलेल्या पहिल्या घराच्या बाबतीत बोलणे जवळजवळ ठरले होते. मग नावे कळवली आणि तासाभराने निरोप आला की त्या तारखा गेल्या. मी कारण विचारले नाही. मात्र एक गोष्ट मनाशी पक्की केली. नकार मिळायचा तर तो फोनवर मिळावा, दहा तासांचा प्रवास करून दारात, मुलांच्या देखत नको. दुसऱ्या घराच्या मालकीणबाईंना मी सुरुवातीलाच सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "मासळी कुठल्या दिवशी हवी ते सांगा, कोळणीला निरोप देते." नाव ऐकून दार लावणारे असतात, तसे उघडणारेही असतात. मुलांना दोन्ही गोष्टी माहीत असाव्यात, पण दुसरी अधिक लक्षात राहावी.

घरात गेल्यावर

दिवाडीवर ख्रिस्ती आणि हिंदू कुटुंबे शेजारी-शेजारी राहतात. ख्रिस्ती घराच्या दिवाणखान्यात येशू आणि मरियमच्या तसबिरी असणार. त्या काढायला सांगणे शोभत नाही. ते त्यांचे घर आहे, आपण चार दिवसांचे पाहुणे. आम्ही आतली एक मोकळी खोली नमाजसाठी ठरवली. किब्ला तिथे पश्चिमेपासून थोडा उत्तरेकडे येतो. प्रवासात कसरची सवलत आहेच. जुम्यासाठी मात्र बोट ओलांडून पणजी किंवा फोंड्याला जायचे हे धरून बेत आखावा.

भांड्यांचा प्रश्न नाजूक असतो. आधी राहून गेलेल्यांनी त्यात काय शिजवले हे मालकालाही माहीत नसते. वाद-विचारणा करत बसण्यापेक्षा कुकर, एक पातेले, तवा, सुरी आणि ताटे घरून न्यावीत. गाडीच्या डिकीत एक पिशवी जास्त होते, मनाची रुखरुख वाचते. गरम मसाला, चहापत्ती, ज्वारीचे पीठ आणि डाळीही बरोबर असाव्यात, कारण बेटावर दुकाने मोजकी आहेत.

मटण-कोंबडीसाठी पणजी किंवा फोंड्यात खात्रीचे दुकान विचारावे लागते. पण बेटावर त्याची गरजच भासत नाही. मासळीने हलालचा प्रश्न सोपा केला आहे. शेवटे आणि काळुंदर ही खाडीची मासळी ताजी मिळते. कोळंबीही मिळते. ती खावी की नाही यावर हनफी आणि शाफई घरांत जो मतभेद आहे, तो घरून निघण्यापूर्वी मिटवून घ्यावा! पाव घेऊन पोदेर सायकलवरून हॉर्न वाजवत दारात येतो. आमच्या धाकट्याने दुसऱ्याच दिवसापासून त्याला सलाम ठोकायला सुरुवात केली.

अम्मींना बाल्कांवावर बसणे पहिल्या दिवशी अवघड वाटले, कारण ते रस्त्यावर उघडे असते. त्या मागच्या अंगणात, विहिरीपाशी खुर्ची टाकून बसल्या. म्हणून घर ठरवताना मागे आडोशाचे अंगण आहे का, हेही विचारावे. तिसऱ्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी कोकणीत हाक मारली. अम्मींनी दखनीत उत्तर दिले. संध्याकाळी दोघी बाल्कांवाच्या समोरासमोरच्या कट्ट्यांवर बसून गुडघेदुखीवर बोलत होत्या. हॉटेलच्या खोलीत हे घडले नसते.

पाहण्यासारखे

बोटीकडे जाताना जुन्या गोव्यात थांबावे. 25 नोव्हेंबर 1510 रोजी अल्बुकर्कने हे शहर जिंकले. त्यापूर्वी ते विजापूरच्या आदिलशाहीकडे होते. युसुफ आदिलशहाच्या वाड्यात पुढे पोर्तुगीज व्हाइसरॉयही राहिले. आज सेंट कॅजेटन चर्चजवळ त्या वाड्याचा फक्त दगडी दरवाजा उभा आहे. बहुतेक पर्यटक त्याच्याकडे न पाहताच पुढे जातात. फोंड्याला साफा मशीद आहे, अली आदिलशहाने 1560 मध्ये बांधलेली. तिच्या शेजारचा चौरस तलाव आणि त्याच्या भिंतींतल्या मेहराबीच्या आकाराचे कोनाडे पाहावेत. नार्व्याची बोट धरली तर पलीकडे सप्तकोटेश्वराचे मंदिर आहे. मूळचे ते दिवाडीवरचे. पोर्तुगीजांच्या काळात उद्ध्वस्त झाल्यावर देव नदीपार गेला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. एका नदीच्या दोन काठांवर इतका इतिहास आहे, आणि तो शिकवायला मला खडूची गरज पडली नाही.

रायबंदरहून दुसरी बोट चोडणला जाते. त्या बेटाच्या पश्चिम टोकाला कांदळवनात डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. 1896 साली मुंबईच्या बोहरा कुटुंबात जन्मलेला, लहानपणीच अनाथ झालेला हा मुलगा. दहाएक वर्षांचा असताना त्याने एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ती कोणती हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, आणि त्या प्रश्नातून देशातला सर्वांत मोठा पक्षीतज्ज्ञ घडला. आपल्या मुलांना हे नाव माहीत असायला हवे. सकाळी लवकर आणि भरती-ओहोटीची वेळ विचारून जावे. खंड्या आणि बगळे तर सहज दिसतात.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर बोंदेराचा उत्सव असतो, तेव्हा गर्दी उसळते. शांतता हवी असेल तर ती तारीख टाळावी.

आता चुलीविषयी

जावेच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही निघण्यापूर्वी कागदावर लिहिले. सकाळचा चहा-नाश्ता दोघे भाऊ करतील. मासळी साफ करणे दिरांकडे, भांडी मोठ्या दोन मुलांकडे, झाडलोट धाकट्यांकडे. आम्ही दोघी दिवसातून एकच वेळ चुलीपाशी. एक दिवस स्वयंपाकाला पूर्ण सुट्टी, पाव, केळी आणि उकडलेली अंडी. अम्मींनी आधी नाक मुरडले, "मुलगे ओट्यापाशी उभे राहणार?" तेव्हा मुलांच्या अब्बांनीच त्यांना आठवण दिली की हुजूर (स.) घरातल्या कामाला हातभार लावत, हे हजरत आयेशा (रजि.) यांनीच सांगितले आहे. त्यावर अम्मी काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दिरांच्या हातचे काळुंदर थोडे करपले, तरी त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतले.

मी आणि जाऊ त्या सकाळी अस्तरचा पदर सावरत खाजनाच्या बांधावरून तासभर चाललो. लग्नानंतरच्या सोळा वर्षांत आम्ही दोघी कोणाच्या जेवणाची वेळ न पाहता चाललो, अशी ही पहिलीच सकाळ.

म्हणून मे महिन्याच्या सुट्टीचा बेत करणाऱ्या कुटुंबांना माझी एक विनंती. पाणी, बोट, अंगण, नोंदणी हे सगळे विचारा. पण आगाऊ पैसे पाठवण्यापूर्वी घरातले सगळे एकत्र बसा आणि चार दिवसांत कोण काय करणार याचा कागद तयार करा. त्यावर घरातल्या पुरुषांची आणि मुलांची नावे बायकांच्या नावांइतक्याच वेळा आली, तर खुशाल घर ठरवा.