आईचे केस आणि स्टुटगार्टची केस कापणारी



परदेशी निघालेल्या मुलांना आपण हिंगाची डबी, कुकरच्या रिंगा, मेतकुटाची पुडी असं सगळं बांधून देतो. डॉक्टर तिथे मिळतो, किराणा मिळतो, आता तर बाकरवडीही मिळते. पण केस कापणारं चांगलं माणूस बांधून देता येत नाही आणि सहजासहजी मिळतही नाही. मी 2006 पासून जर्मनीत, स्टुटगार्टला आहे. भाषा, नोकरी, घर या सगळ्यापेक्षा मला हे माणूस सापडायला जास्त वेळ लागला. हसू नका, खरं सांगते.

आम्ही मूळचे बडोद्याचे, दांडिया बाजारातले. घरातल्या पुरुषांचे केस कापायला रविवारी सकाळी वाळंद यायचा. बडोद्याचे आपण मराठी लोक न्हावी म्हणतो कुठे, वाळंदच म्हणतो. ओट्यावर पाट, पाटावर बाबा, गळ्यात जुनं धोतर. आम्हा मुलींची टोकं आई घरीच छाटायची. कॉलेजात गेल्यावर गल्लीतल्या पार्लरवाल्या बेनकडे जायला लागले. तिला काही सांगावं लागत नसे. 'नेहमीसारखं' एवढ्यावर काम व्हायचं. माझा भांग कुठे पडतो, मागे भोवरा कुठे आहे, कुठली बट ऐकत नाही, हे तिला पाठ होतं.

परदेशात गेल्यावर हेच हरवतं. 'नेहमीसारखं' म्हणायची सोय राहत नाही.

जर्मनीत केस कापणाऱ्यांना काही येत नाही असा मुळीच गैरसमज करून घेऊ नका. इथे हा रीतसर शिकायचा धंदा आहे. तीन वर्षं दुकानात उमेदवारी आणि जोडीला शाळा, मग परीक्षा. स्वतःचं दुकान काढायचं तर साधारणपणे त्याच्याही पुढची, उस्तादाची म्हणजे 'माइस्टर'ची परीक्षा. सलूनला इथे 'फ्रिझ्योर' म्हणतात. आमचे हे सुरुवातीला त्याला फ्रीजर म्हणायचे. बरीच दुकानं सोमवारी बंद असतात. बायकांचे दर वेगळे, पुरुषांचे वेगळे, आणि धुणं, कापणं, वाळवणं यांचा हिशोब सुटा सुटा. आधी वेळ घ्यायची, ठरल्या मिनिटाला हजर व्हायचं.

मग अडतं कुठे? तर केसांत आणि शब्दांत.

आपले केस जाड, काळे, दाट. तिथल्या बहुतेकींचे हात मऊ, बारीक केसांवर बसलेले. इतके दाट केस दिसले की त्यांना वाटतं, हे हलके करायला हवेत. मग येते ती दातेरी कात्री. मी पहिल्यांदा गेले त्या दुकानातल्या मुलीने ती खालपासून वरपर्यंत फिरवली. ओले होते तोवर छान दिसत होते. घरी येऊन वाळले आणि आतले आखूड केस बाहेरच्या लांब केसांना ढकलायला लागले. चार महिने माझं डोकं म्हणजे नारळाची शेंडी. त्यात शब्दांची पंचाईत. 'फक्त टोकं' हे जर्मनमध्ये सांगता येतं, पण 'वेणी घातली की खाली निमुळती व्हायला हवी, आणि मोकळे सोडले तर फुगायला नकोत' हे कसं सांगणार? ज्या बाईने कधी वेणी घातली नाही तिला निमुळती वेणी म्हणजे काय ते कळणार कसं?

मग इथल्या बहुतेक आपल्या बायका करतात तेच मीही केलं. दात, चष्मा, ब्लाउज आणि केस, सगळं भारतात. वर्षातून एकदा बडोदा, वर्षातून एकदा कात्री. मधले अकरा महिने क्लिप.

शेवटी ती सापडली, पण केसांमुळे नाही, भुवयांमुळे. आपल्यासारख्या दोऱ्याने भुवया करणाऱ्या इराणी, तुर्की, अफगाण, अरब बायका जर्मनीत बऱ्याच आहेत. दुकानाच्या काचेवर 'फाडन' हा शब्द असतो. फाडन म्हणजे दोरा. नव्याने जाणाऱ्या मुलींना मी आता हेच सांगते, पाटीवर हा शब्द बघा. जिथे दोरा आहे तिथे दाट काळ्या केसांची ओळख आहे.

माझी ती इराणची. पहिल्या दिवशी तिने कात्री हातात घेण्याआधी माझे केस कोरडेच हातात धरले, उलटेपालटे केले. म्हणाली, "रोज बांधतेस तसे बांधून दाखव." मी अंबाडा घातला. तिने तो मागून, बाजूने पाहिला, सोडला, पुन्हा घालायला लावला. तेल लावतेस का, सकाळी किती मिनिटं असतात, केस आपोआप वाळतात की यंत्राने, असं सगळं विचारलं. मग दोन बोटं कापले आणि थांबली. "पंधरा दिवसांनी ये. कमी वाटले तर आणखी कापू. कापलेले लावता येत नाहीत." त्या दुसऱ्या खेपेचे पैसे तिने घेतले नाहीत.

तेव्हापासून तिला सोडलं नाही. करोनात 16 डिसेंबर 2020 पासून इथली सगळी सलून बंद झाली. 1 मार्च 2021 ला उघडली, तीही बऱ्याच दुकानांच्या आधी. त्यावर टीका झाली. तेव्हा बव्हेरियाचे मुख्यमंत्री मार्कुस झ्योडर म्हणाले होते की यात काही लोकांच्या सन्मानाचाही प्रश्न आहे. केस कापण्यात कसला आलाय सन्मान, असं मला तेव्हा वाटलं. दोन वर्षांनी त्याचा अर्थ कळला, आई आली तेव्हा.

बाबा 2022 च्या पावसाळ्यात गेले. पुढच्या एप्रिलमध्ये आई माझ्याकडे आली, तीन महिन्यांच्या व्हिसावर. जास्त राहता येत नाही आणि तिला राहायचंही नव्हतं. "माझं घर तिकडे आहे ने," हे तिचं ठरलेलं उत्तर. पण तिचा उजवा खांदा आखडलेला. हात कानाच्या वर जाईना. कमरेपर्यंतचे केस, ते विंचरणार कोण? इथे रोज सकाळी मी विंचरून अंबाडा घालून देत होते. बडोद्यात एकटी असताना काय? मधले सहा महिने शेजारच्या बेन येऊन घालून द्यायच्या. पण दुसऱ्याला रोज किती दिवस सांगणार, याचंच तिला जास्त दुःख होतं. अंघोळ, स्वयंपाक, बँक, भाजी सगळं तिला जमत होतं. फक्त केसांसाठी दुसऱ्याच्या दाराकडे बघायचं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, केस आखूड करा. आई गप्प बसली. रात्री भांडी पुसताना म्हणाली, "नवरा गेल्यावर वर्षाच्या आत केस कापायचे? काय म्हणतील?"

त्या रात्री तिने मला तिच्या आजीची गोष्ट सांगितली. मला नुसतं माहीत होतं की एक पणजी होती, लाल आलवणात. आई सात-आठ वर्षांची असताना तिने पाहिलेलं होतं. दर पंधरा दिवसांनी मागच्या दारी वाळंद यायचा. पुढच्या दारी नाही. आजी भिंतीकडे तोंड करून बसायची. पोरांना तिथे जायची बंदी. काम झालं की आजी विहिरीवर अंघोळ करून सोवळ्यात यायची आणि नेहमीसारखी तांदूळ निवडायला बसायची. "तिचे केस कसे होते हे तिलाही आठवत नव्हतं गं," आई म्हणाली. "मी विचारलं होतं एकदा."

मंडळी, आपल्यापैकी कितीतरी घरांत अशी एक आजी होती. फोटोत नसते, असली तर कडेला असते. या चालीविरुद्ध 1890 साली मुंबईत नाभिकांनीच सभा भरवून विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यात पुढाकार घेतला होता. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच नाही म्हटलं, हे मला फार मोठं वाटतं. तरी पुढे कितीतरी वर्षं मागच्या दारी वाळंद येत राहिला. आमच्या घरी तर आईच्या लहानपणापर्यंत.

आई म्हणाली, "बघू तर तुझी ती बाई." म्हणून गेलो. दुकानात शिरताना तिने पदर डोक्यावरून घेतला, जो ती एरवी कधीच घेत नाही.

मी जर्मनमध्ये सांगायला लागले की खांदा असा असा, केस मानेपर्यंत करायचे. ती माझ्याकडे बघतच नव्हती, आरशातून आईकडे बघत होती. मग म्हणाली, "तिला विचार, तिला काय हवंय." मी विचारलं. आई म्हणाली, "करा तुम्हाला काय करायचं ते." मी तसंच भाषांतर केलं. तिने कात्री खाली ठेवली. "मग आज नाही." त्या दिवशी तिने आईचे केस नुसते धुतले, कोमट तेल चोळलं, सावकाश विंचरले आणि सैल वेणी घातली. निघताना आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "शाने." मग हातातला कंगवा दाखवून पुन्हा, "शाने." फारसीत खांदा आणि कंगवा दोन्हीला एकच शब्द आहे म्हणे. आईला हे इतकं आवडलं की घरी येईपर्यंत घोकत होती.

आठ दिवसांनी आई स्वतः म्हणाली, "चल, वेळ घे तिची."

या वेळी त्या बाईने विचारलं, शोक आहे का? तिच्याकडेही शोकात बायका केस कापतात, फार जुनी रीत आहे. आदल्या शरद ऋतूत महसा अमिनीच्या मृत्यूनंतर इराणमधल्या बायकांनी भर रस्त्यात केस कापले ते आईने टीव्हीवर पाहिलं होतं. मी सगळं मराठीत सांगितलं. आई थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "त्यांच्यात बाई आपली आपण कापते. आमच्यात दुसरे कापायचे. तिला सांग, शोक आहे. पण केस हात पोचत नाही म्हणून कापायचेत. आणि मी सांगते म्हणून."

मी सांगितलं. बाईने मान डोलावली. कुठपर्यंत, हे आईने डाव्या हाताने स्वतः दाखवलं, कानाच्या पाळीखाली चार बोटं. वेणी दोन्हीकडून बांधून एकदाच कापली आणि आईच्या मांडीवर ठेवली. मग पाऊण तास बारीक काम. मधे मधे "कम?" असं विचारायची. फारसी कम आणि आपलं कमी, त्याला माझी गरज लागली नाही. शेवटी डाव्या हाताने आईला स्वतः विंचरायला लावलं, दोनदा. तिसऱ्यांदा भांग सरळ पडला.

आई जुलैमध्ये परत गेली. जाताना समोरून, बाजूने, मागून असे तीन फोटो तिच्या फोनमध्ये घालून दिले होते. आता बडोद्याच्या पार्लरमध्ये तेच दाखवते आणि दर दोन महिन्यांनी टोकं छाटून घेते. सकाळी उठून स्वतःचे केस स्वतः विंचरते. एका लग्नात नात्यातल्या एका काकूंनी विचारलंच, "हे काय गं, केस का कापलेस?" आई म्हणाली, "छान दिसत नाहीत का?" काकूंना दिसत होतेच छान, काय बोलणार.

चांगली केस कापणारी कशी ओळखावी, असं मला इथल्या नव्या मुली विचारतात. मी सांगते, ती आधी कोरडे केस हातात घेते, तुझी रोजची सकाळ विचारते, पहिल्यांदा कमी कापते. आणि ज्याचं डोकं आहे त्यालाच विचारते, बरोबर आलेल्याला नाही. हे शेवटचं जिथे असेल तिथे वाट वाकडी करून जावं.

तुमच्याही घरात अशी आजी, पणजी असेल तर तिच्याबद्दल लिहा. नाव तरी लिहा. आमच्या पणजीचं नाव आईला आठवतं, पण ते माहेरचं की सासरचं हे आता सांगणारं कुणी उरलेलं नाही.