पिवळ्या निशाणाचा शोध

बँकॉकच्या एका शाळेत इंग्रजी शिकवण्यास गेलेल्या मराठी स्वयंसेविकेची पहिली फजिती सॅन सॅप कालव्यावर झाली. तेथील बोट धक्क्याला लागते न लागते तोच सुटते. दोनदा ती काठावरच राहिली. दुसरी फजिती मात्र जिव्हारी लागली. कच्च्या पपईची कोशिंबीर, ‘सोम तम’, निर्धास्तपणे खाताना तीत सुकी कोळंबी आढळली. त्या दिवशी ती उपाशीच वर्गावर गेली.

विद्यार्थिनींनी तिला ‘मांगसविरत’ हा शब्द शिकवला. मुळात मांसविरतीच! परंतु त्यात अंडी चालतात. पिवळ्या निशाणावर तांबड्या अक्षरांत ‘जे’ लिहिलेले असेल, तेथे अंडीच काय, कांदा-लसूणही वर्ज्य. दुसऱ्या दिवशी दोघींनी तिला हात धरून तशा गाड्यावर नेले. त्या गडबडीत बोट पुन्हा चुकली.