माशीची बाजू

‘माशी शिंकली’, ‘माश्या मारीत बसला’, ‘पहिल्याच घासाला माशी’. आपल्या भाषेने माशीला कधी बरे म्हटलेच नाही. मराठी विषय घेऊन शिकत असल्यामुळे असे वाक्प्रचार टिपून ठेवण्याचा मला नाद आहे. पण आज एका माशीची बाजू मांडल्यावाचून राहवत नाही.

थंडीत आमची करडई फुलली की ही माशी येते. अंगावर काळे-पिवळे पट्टे, त्यामुळे प्रथम गांधीलमाशीच वाटते. पण गांधीलमाशीला पंख चार, हिला दोनच; आणि नांगी तर नाहीच. पाखरांनी भिऊन दूर राहावे म्हणून हे उसने रूप! फुलापुढे ती हवेत एका जागी स्थिर राहते आणि क्षणात दिसेनाशी होते. इंग्रजीत तिला ‘हॉवरफ्लाय’ म्हणतात, शेतीच्या पुस्तकांत ‘सिरफिड माशी’. आमच्या गावात मात्र तिला नाव नाही. आईला विचारले तर म्हणाली, “आसंल कसली तरी माशी.”

जगात हिच्या सुमारे ६,००० जाती आहेत. मोठी माशी फुलांतला मध आणि पराग खाते, त्या ओघात परागीकरण होते. पण शेतकऱ्याच्या उपयोगाचे काम करतात तिच्या अळ्या. पुष्कळ जातींची मादी माव्याच्या घोळक्याजवळच अंडी घालते. मावा म्हणजे कोवळ्या शेंड्यांचा रस पिणारी बारीक कीड. अळीला पाय नाहीत. तरी ती चाचपडत मावा गाठते, तोंडाने उचलून धरते आणि रस शोषून रिकामे साल टाकून देते. एक अळी अशा शेकडो किडी संपवते. दक्षिण इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञांनी रडार लावून या माश्यांचे स्थलांतर मोजले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार वर्षाला ४०० कोटींपर्यंत माश्या तिथे ये-जा करतात!

आता दुःखाची गोष्ट. शेतकरी विषाला ‘औषध’ म्हणतो. मावा पडून पाने चिकट झाली की आण्णा पंप पाठीला लावतात. त्या औषधाला मावा आणि अळी यांतला फरक कळत नाही. दोन्ही मरतात. उरलेला मावा मात्र झपाट्याने वाढतो, कारण त्याची मादी नराशिवायही पिल्ले देते. अळीला तेवढी घाई जमत नाही.

यंदा मी आण्णांना अळी दाखवली. ते म्हणाले, “पोरी, पीक गेलं तर तुझी फी ही माशी भरणार का?”

मला उत्तर सुचले नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि माझी फी त्या करडईतूनच येते.

दुसऱ्या दिवशी आण्णांनी फवारणी केली. पण बांधाकडच्या चार ओळी सोडल्या. कारण त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. आठवड्याने त्या ओळींत माव्याची पोकळ साले आणि लठ्ठ अळ्या दिसल्या. आण्णा बराच वेळ वाकून पाहत होते.

चार ओळींनी शेतीचे गणित बदलत नाही. मावा फारच वाढला तर आण्णा सगळे शेत फवारतील, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. पण ज्याला नाव असते, त्याला मारताना हात थोडा अडखळतो, एवढे मला उमगले. आई आता तिला ‘अधांतरी माशी’ म्हणते. मित्रमैत्रिणींनो, तुमच्या गावात तिला दुसरे काही नाव असेल तर मला जरूर सांगा.