सेवा करणारे हात

वसईच्या ख्रिस्ती गावांत परिचारिका ही काही अपूर्वाईची गोष्ट नाही. पहाटेच्या गाडीने मुंबईच्या इस्पितळांकडे निघालेल्या मुली आमच्या धर्मग्रामांनी दोन-तीन पिढ्या पाहिल्या आहेत. समाजाने त्यांचे कौतुक केले, सणासमारंभांत त्यांच्या सेवाभावाचा गौरव केला. त्यांचा शुभ्र गणवेश सर्वांच्या नजरेत भरला. त्यांच्या हातांकडे मात्र फारसे कुणी पाहिले नाही. त्या हातांना दिवसातून किती वेळा दुसऱ्याचे रक्त लागते, किती वेळा सुई टोचते आणि टोचल्यावर पुढे काय होते, हे विचारण्याची आपल्याकडे रीतच नव्हती.

आम्ही एकाच धर्मग्रामातील पाचजणी. १९७० च्या दशकाच्या अखेरीस परिचर्येच्या शिक्षणाला निघालो आणि जवळजवळ चार दशके वेगवेगळ्या इस्पितळांत काम करून आता निवृत्त झालो आहोत. आज आमच्या मुली, भाच्या, सुना त्याच वाटेने जात आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे चार शब्द.

आमच्या उमेदवारीच्या काळात सिरिंज काचेची असे. ती पाण्यात उकळून पुन्हा वापरात येई. सुईच्या पोकळीत बारीक तार घालून आत साकळलेले रक्त काढावे लागे आणि सुई बोथट झाली तर तिला दगडावर धार लावावी लागे. हातमोजे मुख्यत्वे शस्त्रक्रियागृहापुरते. तेही एकदा वापरून टाकायचे नसत. धुऊन, वाळवून, त्यांत हवा भरून कुठे भोक पडले आहे का ते पाहायचे, पावडर लावायची आणि निर्जंतुक करून पुन्हा ठेवायचे. वॉर्डातील रक्त काढणे, सलाइन लावणे, जखम धुणे, बाळंतिणीची चादर बदलणे ही सारी कामे उघड्या हातांनीच चालत. सुई बोटात शिरली तर स्पिरिटचा बोळा दाबायचा आणि पुढच्या खाटेकडे वळायचे, अशी शिस्त होती. तिला कुणी बेपर्वाई म्हणत नसे, उलट ती कामाची तडफ समजली जाई.

१९८३ च्या पावसाळ्यात आमच्यातील एकीला कावीळ झाली. सर्वांनी वसतिगृहाच्या पाण्याला दोष दिला. गावाहून झाडपाल्याचे औषध आले, पथ्य सुरू झाले. तीन महिन्यांनी ती उठून कामाला लागली, तेव्हा एका वयोवृद्ध डॉक्टरांनी तिचा अहवाल समोर ठेवून सांगितले की ही पाण्याची कावीळ नव्हे, रक्ताची आहे. डोळे दोन्हींत सारखेच पिवळे होतात, परंतु एक दूषित अन्नपाण्यातून येते आणि दुसरी आजारी माणसाच्या रक्तातून. या दुसरीचा, म्हणजे बी प्रकारच्या काविळीचा माग अमेरिकन संशोधक बारूक ब्लूमबर्ग यांनी १९६० च्या दशकात लावला. एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात प्रथम सापडल्यामुळे त्या खुणेला ‘ऑस्ट्रेलिया अँटीजेन’ असे नाव पडले. आमच्या पिढीच्या परिचारिका त्या तपासणीला अजूनही याच नावाने ओळखतात. या शोधासाठी ब्लूमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

हा विषाणू मोठा चिवट आहे. वाळलेल्या रक्ताच्या डागात तो निदान सात दिवस जिवंत राहतो. लस न घेतलेल्या व्यक्तीला बाधित रक्ताची सुई टोचली, तर रुग्णाच्या रक्तातील विषाणूच्या प्रमाणानुसार शंभरांपैकी तीसजणींपर्यंत लागण होऊ शकते. हे आम्हांला समजले तेव्हा आमच्या बोटांवरील जुन्या टोचण्यांचा हिशेब कुणाजवळच नव्हता.

पुढे १९८६ मध्ये चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांच्या तपासणीतून एचआयव्ही भारतात पोचल्याचे उघड झाले. त्यानंतरची काही वर्षे आम्ही विसरू शकत नाही. कावीळ वर्षानुवर्षे आमच्यांत वावरत असताना न वाटलेली भीती एका रात्रीत वॉर्डात शिरली. रुग्णाच्या खाटेवर खुणेची चिठ्ठी लागली. त्याचे जेवणाचे ताट दुरून सरकवले जाऊ लागले. वास्तविक एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्याने लागण होण्याचा संभव हजारात तीन इतका, म्हणजे काविळीच्या मानाने फारच थोडा आहे. ताटातून तर तो मुळीच येत नाही. परंतु भीतीला आकडेमोड कळत नाही.

या भीतीवरचा खरा उतारा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९८७ मध्ये मांडलेल्या एका साध्या नियमात होता. त्याला सार्वत्रिक दक्षता म्हणतात. रुग्ण कोण आहे, त्याचा अहवाल काय सांगतो हे न पाहता प्रत्येकाचे रक्त बाधित असू शकते असे धरून काम करावे. रक्ताला हात लावायचा तर हातमोजे घालावेत. रक्त उडण्याचा संभव असेल तर डोळे आणि तोंड झाकावे. सुईवर पुन्हा टोपण चढवू नये. ती वापरल्याजागीच, टोचून आरपार जाणार नाही अशा डब्यात टाकावी.

वरवर पाहता हा संशयाचा नियम वाटतो. आमचा अनुभव उलटा आहे. जेव्हा सर्वांसाठी सारखीच काळजी घेतली जाते, तेव्हा एकालाच वेगळे काढण्याचे कारण उरत नाही. ज्या वॉर्डात प्रत्येक खाटेजवळ हातमोजे होते, त्या वॉर्डात चिठ्ठ्या आपोआप गळून पडल्या. परिचारिकेचे रक्षण आणि रुग्णाचा मान या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हे आम्ही पुस्तकात वाचण्याआधी खाटेपाशी शिकलो.

कष्टकऱ्याच्या इजेतून वैद्यकशास्त्राला शहाणपण आल्याचे दाखले जुने आहेत. १८४७ मध्ये व्हिएन्नात शवविच्छेदन करताना याकोब कोलेश्का या प्राध्यापकांच्या बोटाला विद्यार्थ्याच्या सुरीचा घाव लागला आणि त्यातच ते दगावले. त्यांचे मित्र डॉ. सेमेलवाइस यांनी त्यांच्या मृत्यूचा अहवाल वाचला, तेव्हा बाळंतज्वराने दगावणाऱ्या मातांच्या शरीरात दिसणारी लक्षणे त्यांना तिथे आढळली. हात धुण्याचा त्यांचा आग्रह तेथून सुरू झाला. वाचलेल्या मातांची कथा सर्वांना ठाऊक आहे. पण तिचा धागा एका काम करणाऱ्या माणसाच्या जखमी बोटातून निघाला, हे आपण विसरतो. शस्त्रक्रियेचे रबरी हातमोजेही १८८९-९० च्या सुमारास बाल्टिमोर येथे डॉ. हॉलस्टेड यांनी प्रथम करवून घेतले, ते कॅरोलाइन हॅम्पटन या परिचारिकेसाठी. जंतुनाशक द्रावणाने तिच्या हातांची कातडी सोलवटली होती. रुग्णाला त्यांचा लाभ होतो हे मागाहून ध्यानात आले.

परंतु हातमोजा परिचारिकेपाशी येऊन थांबला तर काम अर्धेच झाले. इस्पितळातील सुई आमच्या हातून सुटली म्हणजे तिचा प्रवास संपत नाही. ती कचऱ्यात जाते, चादरीच्या घडीत राहते. पुढे ती भेटते ती वॉर्डातील मावशीला, मामाला, धुलाईखान्यातील माणसाला.

१९९० च्या दशकाच्या मध्यावर आमच्यातील दोघी एका खाजगी इस्पितळात होत्या. तेथे एक मावशी कंत्राटदाराकडून सफाईला येत असे. एके दिवशी कचऱ्याची पिशवी उचलून नेताना आतील सुई प्लास्टिक फाडून तिच्या पोटरीत शिरली. तिने नळाखाली पाय धुतला आणि कुणाला काही सांगितले नाही. सांगितले तर कंत्राटदार काढून टाकील आणि घरी नवरा भलताच संशय घेईल, असे दुहेरी भय होते. त्याच वर्षी त्या इस्पितळात काविळीची लस आली होती. ती तेव्हा महाग होती. डॉक्टरांची आणि परिचारिकांची यादी झाली. कंत्राटी माणसे इस्पितळाची नोकर नव्हेत, म्हणून त्यांची नावे यादीत नव्हती.

चार महिन्यांनी मावशीला कावीळ झाली. तपासणीत बी विषाणू सापडला. आम्ही दोघींनी कार्यालयात जाऊन विचारले, तेव्हा मिळालेले उत्तर आजही कानात आहे. सुई टोचल्याची नोंद कुठे आहे? टोचल्या दिवशी तिचे रक्त निरोगी होते याला पुरावा काय? नोंद नव्हती, पुरावाही नव्हता. ती सुई कोणत्या रुग्णाची हेही कुणी सांगू शकत नव्हते. भरपाईचा प्रश्न तेथेच मिटला. मावशी काम सोडून गेली. ती कावीळ त्याच सुईने आली का, हे आम्हांलाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण ते कळण्याचा मार्गच तिच्यासाठी ठेवलेला नव्हता, हे मात्र खात्रीने सांगता येईल. ज्या जखमेची नोंद नाही, ती जखम कागदाच्या जगात झालेलीच नसते.

त्यानंतर बरेच काही बदलले, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने स्वदेशी लस आणली आणि तिची किंमत सामान्यांच्या आवाक्यात येऊ लागली. १९९८ मध्ये इस्पितळांच्या जैववैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम आले. २०१६ च्या नव्या नियमांनी सुया-पात्यांसाठी न टोचणारा, पांढरा, अर्धपारदर्शक डबा ठरवून दिला. कचरा हाताळणाऱ्या सर्वांना बी काविळीची आणि धनुर्वाताची लस देण्याची जबाबदारी त्यांनी इस्पितळावर टाकली. या ‘सर्वांना’ या शब्दात आमची मावशी येते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तर रुग्णसेवा देणाऱ्या आस्थापनांना संरक्षक साधने, प्रशिक्षण आणि टोचल्यानंतरचे प्रतिबंधक उपचार पुरवणे बंधनकारक केले.

अमेरिकेत १९९१ पासून मालकाने कर्मचाऱ्याला ही लस विनामूल्य देऊ केलीच पाहिजे असा नियम आहे. लस आणि दक्षता यांमुळे १९८३ नंतरच्या बारा वर्षांत तेथील आरोग्यसेवकांमधील बी काविळीची लागण नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. नियम, पैसा आणि इच्छा एकत्र आली म्हणजे काय होते, याचे हे उदाहरण. आपल्याकडे नियम आहे. तो पिशवी उचलणाऱ्या हातापर्यंत पोचतो की नाही, हे पाहणे उरते.

म्हणून आमच्या मुलींना आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. कामाला लागण्यापूर्वी लसीच्या तीन मात्रा पुऱ्या करा. बी काविळीची लस देशभर बाळांच्या लसीकरणात २०११ च्या सुमारास आली, तेव्हा त्याआधी जन्मलेल्यांनी ती घेतली आहे असे गृहीत धरू नका. सुई टोचली तर जागा वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. ती पिळू नका, बोट तोंडात घालू नका. त्याच तासाला वरिष्ठांना कळवा, नोंद करवून घ्या आणि स्वतःचे रक्त त्याच दिवशी तपासा. एचआयव्हीवरील प्रतिबंधक गोळ्या शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. सी प्रकारच्या काविळीवर लस नाही, पण ती वेळीच कळली तर आजच्या गोळ्यांनी बहुतेक सर्वजण काही आठवड्यांत बरे होतात. लपवण्याने यांतले काहीच साधत नाही.

आता घरच्यांसाठी. परिचारिकेला आपण त्यागमूर्ती म्हणतो. त्यामागील प्रेम आम्ही जाणतो. तरीही त्या शब्दाची एक अडचण आहे. त्यागमूर्तीने हातमोजे मागितले की ती स्वार्थी वाटू लागते, लसीविषयी विचारले की भित्री ठरते. रुग्णासाठी रात्र जागणे हा त्याग आहे. दहा-वीस रुपयांच्या हातमोज्याअभावी यकृत गमावणे हा त्याग नव्हे, ती कुणाची तरी कसूर आहे. टोचल्याचे सांगत मुलगी, सून किंवा पत्नी घरी आली तर तिला संशयाने पाहू नका. त्या मावशीने तोंड मिटले ते निम्मे घराच्या भीतीने.

आणि एक गोष्ट आपल्या प्रत्येकाच्या हातात आहे. मधुमेहामुळे आज कितीतरी घरांत इन्सुलिनच्या सुया आणि साखर तपासण्याची टोचणी रोज वापरली जाते. त्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकल्या तर घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात शिरतात. त्याला ना हातमोजे पुरेसे मिळतात, ना सुई कुणाची हे कळते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती सुया घातक कचऱ्यात गणल्या आणि त्या वेगळ्या देण्यास सांगितले. जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली घ्यावी, सुया तीत टाकाव्यात, भरत आली की झाकण घट्ट बसवून वर ‘सुया’ असे मोठ्या अक्षरांत लिहावे आणि सफाई कामगाराच्या हाती सांगून द्यावी. खर्च काहीच नाही. आपल्या दारचा कचरा उचलणारा हातही सेवाच करीत असतो, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.